सहधर्मचारिणीचा परवाना

पुण्यामुंबईच्या अनेक सुशिक्षित कुटुंबांतील मुलगे आज अमेरिकेंत नोकरीस आहेत. मुलाला चांगली जागा मिळाली, लग्न झालें, सूनही पाठोपाठ गेली, एवढें वर्तमान आप्तेष्टांना कळतें व सर्वांस आनंद होतो. ती सून येथें अभियंता असेल, दंतवैद्य असेल, हिशेबतपासनीस असेल. तेथें गेल्यावर ती काय करते, हा प्रश्न मात्र मागें राहतो. त्याचें उत्तर तिच्या विद्येंत नसून पतीच्या कागदपत्रांत असतें.

परदेशी तज्ज्ञांस अमेरिकेंत एच-१बी नांवाचा जो परवाना मिळतो, तो १९९० सालच्या कायद्यानें निर्माण झाला. त्याची मुदत एका वेळीं तीन वर्षांची आणि सामान्यतः एकूण सहा वर्षांची असते. पत्नी व एकवीस वर्षांखालील अविवाहित मुलें यांना एच-४ हा आश्रिताचा परवाना मिळतो. पत्नी नोकरीस असून पति आश्रित असेल, तरी नियम तोच. आश्रितास तेथें राहतां येतें, शिकतां येतें. परंतु केवळ त्या परवान्यावर कमावतां येत नाहीं.

सहा वर्षांचीच गोष्ट असती, तर ही अडचण सोसण्यासारखी होती. पण अनेकांस कायमचें वास्तव्य हवें असतें, आणि त्याची रांग लांब आहे. नोकरीच्या आधारें कायम वास्तव्याचे सुमारें १,४०,००० परवाने वर्षास निघतात. त्यांत बायकामुलांचीही गणना होते, आणि कोणत्याही एका देशास साधारणतः ७ टक्क्यांहून अधिक वांटा मिळत नाहीं. भारतासारख्या अफाट देशास आणि एखाद्या चिमुकल्या बेटास मर्यादा एकच! त्यामुळें भारतीयांस वर्षानुवर्षें तिष्ठावें लागतें. २००० सालच्या कायद्यानें अशा तिष्ठणाऱ्या पतीस सहा वर्षांनंतरही काम चालू ठेवण्याची सवलत दिली. पत्नीस मात्र कांहींच दिलें नाहीं. पतीची मुदत जसजशी वाढली, तसतसें तिचें सक्तीचें रिकामपणही वाढलें.

हा अन्याय अंशतः दूर झाला तो २०१५ सालीं. कायम वास्तव्यासाठीं पतीच्या मालकानें केलेला अर्ज मंजूर झाला असेल, किंवा पतीस त्या कायद्याखालीं सहा वर्षांपलीकडे मुदतवाढ मिळाली असेल, तर पत्नीला कामाचा स्वतंत्र दाखला मागतां यावा, असा नियम त्या वर्षीं २६ मेपासून अमलांत आला. त्याचा लाभ घेणाऱ्यांत फार मोठी संख्या भारतीय स्त्रियांची होती. ज्या पदव्या पेटींत पडून होत्या, त्या पुन्हा उपयोगी पडूं लागल्या.

परंतु येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. ही सवलत विधिमंडळानें केलेला कायदा नव्हे. ती सरकारी खात्यानें केलेला नियम आहे. कंपनीच्या एका शाखेंतून दुसऱ्या शाखेंत बदलून आलेल्या नोकरांच्या पत्नींना कामाचा हक्क २००२ सालच्या कायद्यानेंच मिळाला, आणि नोव्हेंबर २०२१ पासून त्यांना निराळा दाखलाही लागत नाहीं. एच-४ वरील स्त्रीचें तसें नाहीं. तिचा नियम रद्द करण्याचा मनोदय खात्यानें डिसेंबर २०१७ मध्यें जाहीर केला, आणि जानेवारी २०२१ मध्यें तो सोडून दिला. मधल्या तीन वर्षांत नियम कायम होता. पण उद्यां तो राहील कीं नाहीं, ही टांगती तलवारही कायम होती. दुसरीकडे, परदेशी कामगारांमुळें नोकरी गमावल्याची तक्रार करणाऱ्या अमेरिकन तंत्रज्ञांनीं २०१५ मध्येंच दावा लावला. खात्याला असा नियम करण्याचा अधिकारच नाहीं, हें त्यांचें म्हणणें. ऑगस्ट २०२४ मध्यें अपील न्यायालयानें तें फेटाळलें, व ऑक्टोबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

नियम असा तरला. पण त्याच महिन्यांत दाखल्याचें नूतनीकरण कठीण झालें. पूर्वीं अर्ज वेळेवर केला व वास्तव्याची मुदत शिल्लक असली, तर जुना दाखला संपल्यावरही काम कांहीं काळ चालूं शके. ही मुभा प्रथम १८० दिवसांपर्यंत व पुढें ५४० दिवसांपर्यंत होती. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांस ती बंद झाली. दाखला शुक्रवारीं संपला आणि नवा हातीं आला नाहीं, तर सोमवारीं कामावर जातां येत नाहीं. घराचे हप्ते व मुलांची शाळा मात्र थांबत नाहींत.

त्यांत पतीची नोकरीच सुटली, तर साधारणपणें ६० दिवसांत दुसरी सोय न झाल्यास उभयतांच्या वास्तव्याचा पाया ढासळतो. पत्नी स्वतःच्या कामांत कितीही निपुण असो.

म्हणून मुलीस परदेशीं धाडतांना पगार व घर यांबरोबरच आणखी दोन गोष्टी विचाराव्या: पतीचा कायम वास्तव्याचा अर्ज कोठवर आला आहे, आणि तोपर्यंत मुलीस काम करतां येईल काय? दाखला असल्यास त्याची मुदत संपण्यापूर्वीं सहा महिने नव्याची तजवीज करावी. ही चौकशी कोणी संशयखोरपणाची समजूं नये. मुलीनें पुढील दहा वर्षें कशीं काढावयाचीं, हें तिच्या उत्तरावर ठरत असतें. आणि तें तिला निघण्यापूर्वीं ठाऊक असणें बरें.