पॉलिशच्या चिंध्या आणि दहा स्प्रिंकलर

लाकडाला पॉलिश करणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंना जवसाच्या तेलाच्या चिंध्या नव्या नाहीत. काम संपले की त्या कोपऱ्यात टाकायच्या, ही सवयच. परंतु हे तेल वाळताना गरम होते आणि ढिगात ती उष्णता कोंडून चिंध्या आपोआप पेटतात. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात हेच घडले. ‘वन मेरिडियन प्लाझा’ ही ३८ मजली कचेऱ्यांची इमारत. २२व्या मजल्यावर लाकूडकामाच्या अशाच चिंध्यांनी पेट घेतला. आग सुमारे १९ तास चालली, आठ मजले जळाले, अग्निशमन दलाचे तीन जवान दगावले. इमारत कोसळेल या भीतीने बाकीच्या जवानांना बाहेर बोलावले गेले. तरीही आग ३०व्या मजल्यावर थांबली. तेथील भाडेकरूने स्प्रिंकलर बसवून घेतले होते. त्यातले अवघे दहा उघडले.

दहाच का? एक पेटले की सगळीकडे पाणी सुटते आणि माल भिजतो, असा आपल्याकडे समज आहे. कापडवाले तर याच भीतीने स्प्रिंकलर नको म्हणतात. सिनेमात तसे दाखवतात खरे! प्रत्यक्षात प्रत्येक तोटीला द्रव भरलेली काचेची छोटी कुपी असते. नेहमीची लाल कुपी ६८ अंश सेल्सिअसला फुटते. जिची फुटेल, तेवढीच तोटी वाहते.

नुकसान होते ते आपल्याच हाताने. माल छतापर्यंत रचला तर पाणी पसरत नाही. अमेरिकेच्या एनएफपीए १३ या मानकानुसार तोटीखाली किमान १८ इंच जागा मोकळी हवी. रंगकाम करताना कुपीवर रंग बसला की ती वेळेवर फुटत नाही. आणि व्हॉल्व्हच बंद असेल तर सगळा खर्च पाण्यात.

आपल्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत बहुमजली धरतात. स्प्रिंकलर कोठे सक्तीचे, हे उंची आणि वापर पाहून ठरते. महाराष्ट्राच्या २००६च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा परवानाधारक संस्थेचा दाखला दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. याला ‘नमुना ब’ म्हणतात. बहुमजली इमारतीत गाळा घेताना आपण पागडी, डिपॉझिट, वीजमीटर सगळे विचारतो. हा कागदही मागावा. आणि तेलाच्या चिंध्या आजपासून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, पाण्यात बुडवून ठेवाव्यात.