गौण वाळू आणि तिच्यातला खेकडा

मंडळी, समुद्रापासून इतक्या लांब, जळगावात बसून पुळणीवरच्या खेकड्याबद्दल कशाला बोलायचं, असं काहींना वाटेल. प्रश्न रास्त आहे. पण सुट्ट्या लागल्या की आपल्याकडच्या गाड्या कोकणात जातात, आणि पुष्कळदा थेट वाळूवर उतरतात. शिवाय वाळूचा विषय गिरणाकाठच्या माणसाला नवा नाही.

संध्याकाळी पुळणीवर वाळूच्याच रंगाचे, देठावर डोळे असलेले खेकडे तिरके धावतात आणि बघता बघता नाहीसे होतात. म्हणून इंग्रजीत त्यांना ‘भुताचा खेकडा’ म्हणतात. ‘ऑसिपोड’ हे शास्त्रीय नाव ग्रीक आहे. अर्थ, चपळ पायांचा. हा प्राणी राहतो जमिनीवर, पण श्वास घेतो कल्ल्यांनी, आणि कल्ले ओले असावे लागतात. पायांच्या बुडाशी असलेल्या केसांनी तो ओलसर वाळूतलं पाणी वर ओढतो. म्हणून त्याचं बीळ ओल लागेपर्यंत खोल जातं. मादी मात्र अंडी सोडायला पाण्यापर्यंत जाते, आणि पिल्लांचे पहिले काही आठवडे समुद्रात तरंगत जातात. म्हणजे कोरडी वाळू, ओली वाळू आणि समुद्र, तिन्ही हवेत, आणि मधली वाट मोकळी हवी.

ही वाट आपण तोडतो. धूप थांबवायला दगडांचा बंधारा घातला, की वरची कोरडी पट्टीच जाते. यंत्राने किनारा झाडला, की वाहून आलेलं शेवाळ, मेलेले मासे, म्हणजे त्याचं ताटच उचललं जातं. आणि गाड्या! दिवसा तो बिळात असतो, खोल बीळ त्याला थोडंफार वाचवतं. रात्री तो बाहेर असतो, आणि हौशी मंडळीही तेव्हाच गाडी फिरवतात. ऑस्ट्रेलियात अभ्यासकांनी पाहिलं, की गाड्या चालतात त्या किनाऱ्यांवर हे खेकडे कमी असतात.

कासवाचं नशीब बरं. वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ पासून काम उभं केलं, लोक तिकडे महोत्सवाला जातात. तिथे आपला खेकडा खलनायक ठरतो, कारण तो कासवाची अंडी आणि पिल्लं खातो. खातोच. पण मेलेले मासे खाऊन किनारा साफही तोच ठेवतो.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांची खोड अशी, की शब्दापाशी अडायचं. कायद्यात वाळूला ‘गौण खनिज’ म्हणतात. गौण कुणाच्या हिशेबाने? गिरणेतली वाळू उपसली की पाणी धरून ठेवणारा थर जातो आणि काठच्या विहिरी खाली जातात. शेतकऱ्याला ती कधीच गौण नव्हती. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने लहान क्षेत्रातल्या गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली, ती याच कारणाने. किनाऱ्यावरच्या वाळूउपशाला तर किनारा नियमन अधिसूचनेतच मनाई आहे. तरी डंपर भरतात, नदीतही आणि खाडीतही. वाळू ज्याला नुसता माल वाटतो, त्याला बीळ दिसतच नाही.

आता कोकणात गेलात, तर गाडी वरच ठेवा आणि सकाळी लवकर पुळणीवर चाला. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद असा चौकोन धरा आणि बिळं मोजा. गाड्या फिरतात तिथे एकदा, फिरत नाहीत तिथे एकदा. अभ्यासकही मुळात हेच करतात. दोन्ही आकडे लिहून ठेवा.