पगारांतील दोनशें रुपये

अंधेरीला मरोळच्या बाजूस माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा यंत्रकामाचा लहानसा कारखाना आहे. शाळेंत पगारपत्रकें मीच लिहीत असें, हें आठवून तो गेल्या वर्षीं एक सरकारी नोटीस घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, कामगारांच्या पगारांतून मीं एक पैसाहि कधीं कापला नाहीं, आणि मागणी माझ्याकडेच!" आपण कामगारांवर उपकार करीत आहोंत, अशी त्याची समजूत होती.

नोटिशींतील कर म्हणजे व्यवसाय कर. कायदा १९७५ सालचा. मालकानें दरमहा तो पगारांतून कापून सरकारजमा करावयाचा. मेख अशी कीं, कापला असो वा नसो, भरण्याची जबाबदारी मालकाचीच. शिवाय धंदेवाईक म्हणून त्याचा स्वतःचा कर निराळा, वर्षाला २,५०० रुपये. म्हणून नोंदण्याहि दोन करावयाच्या. माझ्या विद्यार्थ्यानें स्वतःची तेवढी केली होती. तीतच सर्व आलें, असें त्याच्यासारख्या पुष्कळांस वाटतें.

पुरुषाचा पगार महिना ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर नाहीं. पुढें १०,००० पर्यंत १७५ रुपये. त्यावर २००, पण फेब्रुवारींत ३००. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफी आहे, आणि ६५ वर्षांवरील माणसाला तर करच नाहीं. फेब्रुवारींतील त्या जादा शंभराचें कोडें आमच्या शिक्षकांच्या खोलींत दरवर्षीं निघे. त्याचें उत्तर राज्यघटनेंत आहे. कलम २७६ अन्वयें एका माणसाकडून असा कर वर्षाला २,५०० रुपयांहून अधिक घेतां येत नाहीं; १९८८ च्या दुरुस्तीपूर्वीं ही मर्यादा अवघी २५० होती. अकरा महिन्यांचे २,२०० आणि वर ३००. बेरीज करून पाहावी!

पण हा कर आला कशासाठीं? विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत एक प्रयोग झाला : काम मागेल त्याला काम. १९७२ च्या दुष्काळांत लाखों माणसें खडी फोडावयास आलीं, तेव्हां त्या रोजगार हमी योजनेला कायमचा पैसा हवा झाला. तो शहरांतील पगारदारांकडून व धंदेवाल्यांकडून घ्यावयाचा आणि सरकारनें त्यांत तेवढीच भर घालावयाची, असें ठरलें. पुढें १९७७ च्या कायद्यानें खेड्यांतील प्रौढ माणसाला अंगमेहनतीचें काम मागण्याचा हक्कच मिळाला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. मुलुंड-घाटकोपरच्या कारकुनाच्या पगारांतून माणदेशांतील बंधारा बांधला जाई, तो असा.

विद्यार्थ्यानें मागील बाकी व्याजासह पदरची भरली आणि पुढील महिन्यापासून कर कापूं लागला. कामगार कुरकुरले. त्यांतील एक वृद्ध फिटर मात्र माण तालुक्यांतला. त्याची आई हमीच्या तलावावर माती वाहत असे. इतरांची समजूत त्यानेंच घातली.