'युद्धगुन्हा' म्हणजे नेमके काय?

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान या दोन मोगल सरदारांत लढाई झाली. मुबारिझखान रणात पडला. त्याचे शिर दिल्लीला बादशहाकडे पाठविण्यात आले, आणि दख्खनमधील निजामाची सत्ता पक्की झाली. यात युद्धगुन्हा घडला काय?

वर्तमानपत्रांत हा शब्द पुष्कळदा 'अतिशय क्रूर कृत्य' एवढ्याच अर्थाने येतो. कायद्यातील अर्थ काटेकोर आहे. सशस्त्र संघर्षाच्या ओघात झालेला युद्धनियमांचा गंभीर भंग, तो युद्धगुन्हा. १७२४ मधील माणसांना आजच्या कायद्याने दोषी धरता येत नाही, हे उघडच आहे. परंतु कसोटी म्हणून हा प्रसंग उपयोगी पडतो. मुबारिझखान लढताना मारला गेला, हा युद्धगुन्हा नव्हे. शस्त्र हाती घेऊन लढणाऱ्या शत्रूला ठार मारण्यास युद्धाचे नियम मनाई करीत नाहीत. मृतदेहाची विटंबना मात्र आज युद्धगुन्ह्यात मोडते. शरण आलेला सैनिक, जखमी, कैदी आणि मुळात न लढणारा नागरिक यांच्यावर हेतुपुरस्सर केलेला अत्याचारही तसाच. दोघेही एकाच बादशहाचे सरदार होते, ही सबब चालणार नाही. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांतील तिसरे कलम देशांतर्गत संघर्षालाही लागू आहे.

कोणाची बाजू न्याय्य, हा प्रश्न येथे गौण ठरतो. स्वतःच्या भूमीचे रक्षण करणारा सैनिकही कैद्याला ठार मारील तर गुन्हेगारच होय. ही गोष्ट आपल्या चर्चांत सहसा विसरली जाते. उलट, बॉम्बहल्ल्यात नागरिक दगावले म्हणून तो प्रत्येक वेळी युद्धगुन्हा ठरतोच असे नाही. नागरिकांनाच लक्ष्य केले होते काय, किंवा होणारी हानी लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी असल्याचे ठाऊक असूनही हल्ला केला काय, हे पाहावे लागते. मानवतेविरुद्धचा गुन्हा शांततेच्या काळातही घडू शकतो, युद्धगुन्हा नाही.

शिक्षा राष्ट्राला नव्हे, व्यक्तीला होते. 'वरिष्ठांचा हुकूम होता' हा बचाव न्यूरेंबर्ग येथील न्यायालयाने १९४६ मध्ये अमान्य केला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात हेच सांगितले: अशा आज्ञांचे आंधळे पालन करणारा निर्दोष ठरत नाही.

हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचे सदस्यत्व भारताने घेतलेले नाही. मात्र जिनिव्हा करार आपण १९५० मध्ये स्वीकारले. त्यासाठीच्या १९६० च्या अधिनियमानुसार संरक्षित व्यक्तीची जाणूनबुजून हत्या करणाऱ्यास मृत्युदंड वा जन्मठेप, आणि करारांच्या अन्य गंभीर भंगांसाठी चौदा वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.