वाळूच्या ट्रेतला खाऊ

पुणे महापालिकेने 2022 साली कुत्र्यांपाठोपाठ मांजरांचीही नोंदणी लागू करायचं ठरवलं. एकाच फ्लॅटमध्ये दोन्ही पाळणाऱ्यांची खरी डोकेदुखी मात्र बाल्कनीतल्या वाळूच्या ट्रेपाशी असते. कुत्र्याचं पिल्लू तिथली मांजराची विष्ठा चक्क खातं. किळसवाणं खरं, पण कुत्र्याच्या लेखी रीतसर. मांजर पक्कं मांसाहारी. त्याच्या खाण्यात प्रथिनं आणि चरबी भरपूर. त्यातलं थोडं न पचता बाहेर पडतं आणि कुत्र्याच्या नाकाला ते खाणंच वाटतं. ओरडून उपयोग नाही, पिल्लू फक्त तुमची पाठ वळायची वाट बघायला शिकतं.

विष्ठेतून जंत होऊ शकतात. पण वाळूही साधी नाही. गोळे होणारी वाळू बहुधा बेंटोनाइट मातीची असते. ही माती कच्छमध्ये मुबलक सापडते. पाणी शोषून ती फुगते आणि जास्त गिळली तर आतड्यात अडकू शकते. पिल्लाला उलट्या होऊन शी थांबली, तर थेट पशुवैद्य गाठा.

उपाय मांजराच्या उडीत आहे. ट्रे उंच, भक्कम जागी ठेवा, किंवा तो बाथरूममध्ये ठेवून दाराला साखळी लावा आणि मांजरापुरती फट सोडा. (पिल्लू मांजराएवढंच असेल, तर फट निरुपयोगी.) विष्ठा रोज उचलाच. तिच्यातून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग माणसांनाही होतो, मात्र ताज्या विष्ठेतला हा परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो.