स्पाइकचे दुखणे आणि ताटलीतला गहू

इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची बॉर्डर टेरियर ही चिवट जात, कोल्ह्याला बिळातून हुसकण्यासाठी जोपासलेली. १९९०च्या दशकात या कुत्र्यांचे मालक एकसारखी तक्रार सांगू लागले. छान खेळणारे कुत्रे एकाएकी थबकते, अंग थरथरते, पाय आखडतात, पाठ वाकते, पोटात गुरगुरते. काही मिनिटांनी, क्वचित अर्ध्या तासाने, सगळे पूर्ववत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत डॉक्टरांना दाखवायला काही उरतच नसे. मग निदान व्हायचे फेफऱ्याचे, गोळ्याही त्याच्याच, आणि गुण मात्र येत नसे.

नेदरलँड्समधल्या स्पाइक नावाच्या कुत्र्यामुळे हे दुखणे ‘स्पाइकचा आजार’ म्हणून ओळखले जाऊ लागले. मालकांनी एकमेकांना गाठून नोंदी जमवल्या, झटक्यांची चित्रफीत काढली. या साऱ्या मागोव्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची ही चिकाटी. कारण झटका डोळ्यांनी पाहिल्यावरच कळते की कुत्रे शुद्धीवर असते. हाक मारली की बघते, मालकाकडे यायला धडपडते. फेफऱ्याच्या मोठ्या झटक्यात असे होत नाही.

ब्रिटनमध्ये २०१४ साली अशा कुत्र्यांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध झाला. खरी कलाटणी मिळाली २०१५ मध्ये. सहा आजारी कुत्र्यांच्या रक्तात गहू-बार्लीतल्या ग्लुटेन या प्रथिनाशी निगडित प्रतिपिंडे वाढलेली आढळली. माणसांतल्या सीलिअॅक आजारात वाढतात तशीच. गहू, बार्ली पूर्ण बंद केल्यावर नऊ महिन्यांत सहाही कुत्री सुधारली. एकाची प्रतिपिंडे उतरेनात, कारण ते घोड्याची लीद खात होते! ती आवरल्यावर त्यालाही आराम पडला. दोघांना पुन्हा ग्लुटेनचे खाणे दिले, तर झटके परतले. इतका सरळ पुरावा वैद्यकात फार वेळा हाती लागत नाही.

आपल्याकडे पोळीवर वाढलेल्या कुत्र्यांच्या मालकांनी यावरून घाबरून जाऊ नये. प्रत्येक आखडण्यामागे गहू नसतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलमधल्या अशाच झटक्यांचे मूळ २०१२ मध्ये ब्रेव्हिकन या प्रथिनाच्या जनुकात सापडले. त्याचा एक तुकडाच गळालेला असतो. बॉर्डर टेरियरच्या बाबतीत शंका आलीच तर रक्त तपासून मगच आहार बदलावा. गहू सुटला की प्रतिपिंडे उतरतात, आणि उशिरा केलेली तपासणी काहीच सांगत नाही.