एकच मँगनीज, रंग मात्र दोन!

बालदोस्तांनो, पोटॅशियम परमँगनेटचा बारीकसा खडा पेलाभर पाण्यात टाकला, की सगळं पाणी कसं जांभळं होतं! आता बारावीच्या प्रयोगशाळेत डोकवा. ताई-दादा गरम ऑक्झॅलिक आम्लात थोडं सल्फ्युरिक आम्ल घालतात आणि त्यात हेच जांभळं पाणी थेंबथेंब सोडतात. थेंब पडतो आणि रंग गायब! परमँगनेटमधलं मँगनीज मात्र कुठेही गेलेलं नसतं. मग रंग का गेला?

पदार्थातला इलेक्ट्रॉन प्रकाशाचा काही भाग गिळतो आणि वरच्या पातळीवर उडी मारतो. उरलेला प्रकाश आपल्याला रंग म्हणून दिसतो. परमँगनेट हिरवा प्रकाश गिळतं, म्हणून ते जांभळं.

पण या उड्यांना नियम आहेत, बरं का! खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मध्येच दिशा बदलता येत नाही. तसंच उडी मारताना इलेक्ट्रॉनला आपली फिरकी उलटी करता येत नाही. दुसरा नियम १९२४ साली ओटो लापोर्ट यांनी मांडला. त्यानुसार अणूच्या एकाच प्रकारच्या घरांमध्ये उडी मारायला मनाई असते.

परमँगनेटमध्ये इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडून मँगनीजकडे उडी मारतो. ती नियमात बसते, म्हणून रंग गडद. रंग गेलेल्या पाण्यात मात्र मँगनीजच्या ‘डी’ नावाच्या पाच घरांत एकेक इलेक्ट्रॉन असतो आणि पाचांची फिरकी एकसारखी! तिथे उडी मारायची तर दोन्ही नियम मोडावे लागतात.

तरीही मनाई पूर्ण पाळली जात नाही. अणू सतत थरथरतात, नियमांना बारीक फटी पडतात आणि क्वचित एखादी चोरटी उडी होते. म्हणूनच मँगनीज सल्फेटचे स्फटिक फिकट गुलाबी दिसतात. परमँगनेटपेक्षा हा रंग हजारो पटींनी दुबळा!

याचा आपल्या पिण्याच्या पाण्याशीही संबंध आहे. भारतीय मानकानुसार लिटरभर पाण्यात मँगनीज शक्यतो ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. एवढंसं मँगनीज डोळ्यांना दिसणार कसं? मग तपासनीस युक्ती करतात. पाण्यात परसल्फेट घालून मँगनीजचं परमँगनेट करतात आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर या यंत्राने ५२५ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश किती गिळला गेला, ते मोजतात. म्हणजे मनाई असलेली उडी सोडून परवानगीची उडी निवडतात!

तेव्हा पाणी नितळ दिसलं, की लगेच ‘यात काहीच नाही’ म्हणू नका. आणि हो, परमँगनेटचा प्रयोग करायचा तो मोठ्यांना सोबत घेऊनच!